गच्चीवरच्या भाजीसाठी एचडीपीई ग्रो बेड: पिशवी घ्या, किट नको

संक्रांत उलटली की रोपवाटिकांमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत एक चौकोनी वस्तू हमखास पुढे मांडलेली दिसते: एचडीपीईच्या, म्हणजे चिवट प्लॅस्टिकच्या, विणलेल्या कापडाचा ग्रो बेड. चार कोपऱ्यांत पाईप खोवले की झाला उभा वाफा. काही ठिकाणी ती नुसती पिशवी मिळते, तर काही ठिकाणी पाईप, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बियाणं, खुरपं, फवारणीची बाटली असं सगळं एका खोक्यात घालून ‘किचन गार्डन किट’ म्हणून विकतात. इथलं परीक्षण एखाद्या कंपनीचं नसून या प्रकारच्या वस्तूचं आहे. बाजारातले बहुतेक बेड एकाच घडणीचे असतात आणि फरक असतो तो शिवण, धागा आणि सांगाडा यांतच.

निकाल आधीच सांगून टाकतो. गच्चीवर पहिल्यांदा भाजी लावणाऱ्यासाठी ४ बाय २ फुटी बेड ही आज मिळणारी सर्वांत सोयीची वस्तू आहे. ६ बाय ३ फुटी बेड गच्चीवर घेऊ नये. आणि किट मुळीच घेऊ नये. अंगणात जमीन असेल तर यातलं काहीच लागत नाही. मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा आणि पैसे खतावर घाला.

मोठा बेड का नको

कारण वजन. ६ बाय ३ बाय १ फूट म्हणजे १८ घनफूट, साधारण ५१० लिटर. त्यात बागेची माती काठोकाठ भरून पाणी दिलं तर एकट्या बेडचं वजन साडेआठशे किलोंच्या आसपास जातं. ४ बाय २ मध्ये २२६ लिटर बसतात आणि नुसती माती भरली तर तोही पावणेचारशे किलोंच्या वर जातो. चौरस मीटरमागे हा भार ५०० किलो होतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी जो वापरभार (माणसं-सामानाचा भार) धरायला सांगितला आहे तो चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. वस्तूच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘टेरेससाठी आदर्श’ लिहिलेलं असतं. हे गणित तिथे कुठेच नसतं.

१५० किलो हा आकडा सगळ्या गच्चीवर सारख्या पसरलेल्या भाराचा आहे. त्यामुळे थोड्या जागेवर थोडा जास्त भार आला म्हणजे स्लॅब लगेच खाली येतो असं नाही. तरी बेड स्लॅबच्या मध्यावर मांडू नयेत. ते खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत, कठड्यालगत ठेवावेत, बेडांनी गच्चीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग व्यापू नये आणि भराव हलका ठेवावा. इमारत जुनी असेल, छतात सळ्या दिसत असतील किंवा चार-पाचपेक्षा जास्त बेड मांडायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पहिली गोणीसुद्धा वर चढवू नका. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या. खालच्या मजल्यावर ओल आली की कारण काहीही असो, बोट तुमच्याच बेडकडे जाणार.

वजन सोडलं तरी मोठ्या बेडची दुसरी अडचण उरतेच: हात पोहोचत नाही. तीन फूट रुंदीचा बेड कठड्याला लावला की मागची ओळ खुरपता येत नाही. दोन फूट रुंदी एका बाजूने आरामात आवरते.

पिशवी पारखताना

विक्रेते जीएसएमचा आकडा पुढे करतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. २२० पासून ३५० पर्यंतचे दावे दिसतात. दावा खरा आहे का, ते घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. ४ बाय २ बाय १ फुटी पिशवीला तळ आणि चार बाजू मिळून २० चौरस फूट, म्हणजे जवळपास १.८६ चौरस मीटर कापड लागतं. दुमड आणि शिवणीसाठी दहाएक टक्के धरा. मग २२० जीएसएमची रिकामी पिशवी साधारण साडेचारशे ग्रॅम भरायला हवी आणि ३५० ची सातशे. पट्ट्या आणि पाईपचे खण जोडलेले असतील तर वजन थोडं आणखी वाढेल, घटणार मात्र नाही. ‘३५० जीएसएम’ लिहिलेली पिशवी पाचशे ग्रॅमची निघाली तर परत पाठवा.

तरी जीएसएमला अवाजवी महत्त्व देण्यात अर्थ नाही, कारण उन्हात कापड आधी जात नाही, शिवण जाते. कापडात अतिनील किरणांना तोंड देणारं द्रव्य मिसळलेलं असतं. धाग्यात ते असेलच असं नाही. दोन उन्हाळ्यांनंतर कापड धडधाकट आणि तळाच्या कोपऱ्याची शिवण उसवलेली, असं चित्र स्वस्त पिशव्यांत नेहमी दिसतं. म्हणून घेताना पिशवी उलटी करा आणि तळाची शिवण बघा. शिवण दुहेरी हवी, कापडाची कड आत दुमडून शिवलेली हवी, धागा जाड हवा. दोन्ही हातांनी शिवणीच्या आडवं जोरात ताणा. सुईची भोकं रुंद होऊन पलीकडचा उजेड दिसला तर तिथूनच ती फाटणार आहे. मग कापडावर नखाने खरवडा. वरचा पातळ थर सालीसारखा निघत असेल तर लॅमिनेशन कच्चं आहे. ते गेलं की कापडाच्या विणीतल्या पट्ट्या सुट्या होऊन पिशवी झिरझिरीत होते.

रंगाचा मुद्दा दिसण्यापुरता नाही. बाहेरून पांढरा आणि आतून काळा हा मेळ सगळ्यांत चांगला. गडद हिरवा किंवा काळा बेड चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या बाजूने इतका तापतो की त्या कडेची मुळं भाजतात आणि नेमकी त्याच बाजूची झाडं दुपारी माना टाकतात. गडद बेड आधीच घेतला असेल तर पश्चिमेच्या बाजूवर भिजवलेलं गोणपाट सोडा किंवा त्या बाजूला कुंड्यांची रांग लावा.

पाईपचा सांगाडा

पाईप नसलेली पिशवी स्वस्त वाटते, पण भराव भरताच ती गोणीसारखी पसरते. सांगाडा हवाच, फक्त तो विक्रेत्याकडून घ्यायची सक्ती नाही. ४ बाय २ च्या बेडला वरची चौकट १२ फूट आणि चार उभे तुकडे ४ फूट, असा १६ फूट पाऊण इंची पाईप लागतो, शिवाय कोपऱ्यांसाठी चार थ्री-वे फिटिंग. प्लंबिंगच्या दुकानात कापून मिळतो. पाण्याचा पीव्हीसी पाईपच मागा. किटमध्ये बऱ्याचदा वायरिंगचा पातळ पाईप येतो. तो ऊन खाऊन ठिसूळ होतो आणि हात टेकला की तडकतो. जोड सोल्युशनने चिकटवू नका. पिशवी बदलताना सांगाडा सुटा करावा लागतो.

बेड फुगणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. ओल्या भरावाचा बाहेरचा रेटा खोलीबरोबर झपाट्याने वाढतो आणि लांब बाजूच्या मधोमध त्याला अडवायला काहीच नसतं. चार फुटी बाजू दोन-तीन इंच बाहेर येते, सहा फुटी त्याहून कितीतरी जास्त. उपाय भरण्याआधीच करायचा असतो. लांब बाजूंच्या मध्यावर, तळापासून पाच इंचांवर, समोरासमोर एकेक भोक पाडा, बाहेरून मोठा वायसर किंवा पाईपचा बोटभर तुकडा लावा आणि नायलॉनची जाड दोरी आरपार ओढून गाठ मारा. भरल्यानंतर हे जमत नाही.

निचरा आणि कोबा

आपल्याकडच्या गच्च्यांवर बहुधा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून विटांचे तुकडे घालून केलेला थर, असतो. त्याचं शत्रुत्व वाहत्या पाण्याशी नाही, साचलेल्या पाण्याशी आहे. बेड सरळ कोब्यावर ठेवला की खाली ओल धरून राहते, तळाची भोकं बेडच्या वजनानेच बुजतात, आत चिखल होतो, आणि मुळं भोकांतून उतरून कोब्याच्या भेगा शोधतात. चार विटांवर ठेवूनही भागत नाही. विटांच्या मधल्या जागेत तळ लोंबतो आणि ताण नेमका शिवणीवर येतो.

बेडच्या खाली पूर्ण तळाला आधार मिळेल अशी वस्तू हवी. २० किंवा ३० मिमी उंचीचे ड्रेन सेल, म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीदार फरशा, यासाठी उत्तम. एकमेकांत अडकवून बेडएवढा तुकडा तयार करायचा. जुना प्लॅस्टिक पॅलेटही चालतो. लाकडी पॅलेट पहिल्याच पावसाळ्यात कुजतो आणि वाळवी आणतो. बेडची लांब बाजू गच्चीच्या उताराला समांतर ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी अडत नाही.

भोकं तळाला पाडण्यापेक्षा बाजूंना, तळापासून अर्ध्या इंचावर पाडावीत. सगळ्या बाजू मिळून आठ ते दहा, बोरूच्या जाडीची. सुरीने चीर दिली तर विणलेल्या पट्ट्या उसवत जातात. जाड खिळा तापवून भोक पाडलं की कड वितळून बंद होते. पिशवीला आधीपासून धातूच्या रिंगा लावलेल्या असतील तर त्या गंजतात का ते पाहा. पितळी असतील तर ठीक.

भराव: खरा खर्च इथे आहे

पिशवीपेक्षा तिच्यात घालायच्या मालाला जास्त पैसे लागतात, आणि किट घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. किटमध्ये एक-दोन छोट्या कोकोपीट विटा आणि मूठभर गांडूळखत असतं. त्यात बेडचा तळही झाकत नाही.

४ बाय २ च्या एका बेडसाठी हलका भराव असा करता येतो. तळाला चार इंच सुका पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या, पायाने दाबून. त्यावर शेणकाला शिंपडायचा आणि अर्धा किलो निंबोळी पेंड भुरभुरायची. वर घमेल्याच्या मापाने सहा घमेली भिजवलेलं कोकोपीट, चार घमेली गांडूळखत, दोन घमेली चाळलेली माती आणि आणखी अर्धा किलो निंबोळी पेंड, सगळं गच्चीवरच ताडपत्रीवर कालवून. एक घमेलं दहा-अकरा लिटरचं धरलं तर हे मिश्रण सव्वाशे लिटर होतं आणि साडेसहा इंचांचा थर देतं. पाणी पिऊन पूर्ण बेडचं वजन दीडशे किलोंच्या आसपास राहतं. नुसत्या मातीच्या निम्म्याहून कमी.

पालापाचोळ्यावर बाग उभी करण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने तिचा पाया घातला आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ती शहरात आणून दाखवली. किट विकणारे तिचा उल्लेख करत नाहीत, कारण पालापाचोळा विकता येत नाही.

कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजून साठ ते सत्तर लिटर फुगते आणि तिला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं. विटेवर ‘लो ईसी’ (म्हणजे कमी क्षारांचं) किंवा ‘धुतलेलं’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. अशा भरावात बी उगवतं, पण पहिल्या दोन पानांनंतर कडा करपायला लागतात. शंका असेल तर गोणपाटात बांधून दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा आणि पिळून घ्या. बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर फायदा अर्धाच.

माती लाल असावी. काळी माती कोकोपीटबरोबर नीट मिसळत नाही, ढेकळं धरते आणि सुकली की भेगाळते. काळीच मिळत असेल तर एकच घमेलं घाला. चुलीची राख टाकायचा सल्ला बरेच जण देतात. बोअरच्या जड पाण्यावर बाग असेल तर तो ऐकू नका. पाणी आधीच अल्कधर्मी असतं, राखेने भरावातली अल्कता आणखी वाढते आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

पालापाचोळ्यात भाजीची देठं, शिळं अन्न, फळांच्या साली पुरू नका. त्याने उंदीर-घुशी येतात, आणि घूस तळाचं कापड कुरतडते. गांडूळखत हातात घेऊन वास घ्या: पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला तर ते तयार आहे, आंबूस आला तर कच्चं. कच्च्या खताने आणि कोरड्या पाल्याने मिळून नत्र ओढून घेतलं की महिनाभरात खालची पानं पिवळी पडतात. लोक त्याला रोग समजून फवारे मारत बसतात. तेव्हा अमृतजल द्यावं: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज तीनदा ढवळून चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून.

भरल्यावर लगेच पेरू नका. दहा-बारा दिवस ओलं ठेवा, वर गोणपाट टाका. आतला पाला थोडा तापतो, बसतो, मग थंड होतो. दोन महिन्यांत भराव अडीच-तीन इंच खाली जाणारच. बेडमध्ये खोट आहे असं समजून पिशवी परत करणारे लोक आहेत. ही खोट नव्हे, कुजण्याची खूण आहे. वरून दोन घमेली मिश्रण घालायचं आणि पुढे जायचं.

केव्हा, काय, कुठे

जानेवारीच्या शेवटी बेड भरला तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणीला तयार असतो. पुण्यात तोवर रात्री बोचऱ्या असतात. भेंडी, गवार, काकडीला माती उबदार लागते, म्हणून १० ते २० फेब्रुवारी हा काळ बरा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पंधरा दिवस आधी चालतं. नाशिक-निफाडकडे थंडी लांबली तर फेब्रुवारीचा शेवट गाठावा लागतो. विदर्भात उलटी घाई असते, कारण एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जायच्या आत झाडं फळावर यायला हवीत.

एका बेडमध्ये भेंडीची आठ झाडं बसतात, फुटाला एक. वांगी फार तर तीन. मिरचीची पाच रोपं. पालक आणि तांदुळजा सहा-सहा इंचांच्या ओळींत. एकाच बेडमध्ये सगळं कोंबण्याचा मोह होतो, विशेषतः किटमध्ये बारा जातींच्या पुड्या आल्या की. दोन भाज्या पुरेत. उदाहरणार्थ, पश्चिमेकडच्या लांब बाजूला भेंडीची चार झाडं आणि उरलेल्या पूर्वेच्या फुटात पालकाच्या दोन ओळी. उंच पीक उत्तरेला लावा हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून येतो. आपल्याकडे मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य डोक्यावरच असतो. इथे सावली हवी ती दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाला.

भेंडीत परभणी क्रांती ही जात केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून तिची ख्याती झाली. आजही घरच्या बागेला ती चांगली. गवारीत पुसा नवबहार, काकडीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी, मिरचीत फुले ज्योती. भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोकावं, एका जागी दोन, आणि उगवल्यावर एक काढावं. उपटू नये, कात्रीने छाटावं. मिरची आणि वांग्याची रोपं जानेवारीत तयार करायला हवी होती; उशीर झाला असेल तर रोपवाटिकेतून आणा, मात्र फुलं आलेलं रोप घेऊ नका. छोट्या कपात म्हातारं झालेलं ते रोप नंतर वाढत नाही. गाजर-मुळा या बेडमध्ये यंदा नको. खालच्या कच्च्या पाल्याला टेकली की मुळं फाटे फोडतात.

कोथिंबीर फेब्रुवारीतच उरकावी. मार्चच्या उन्हात ती तुऱ्यावर येते आणि पानं कडसर होतात.

बियाण्यांच्या पुड्यांवरून किटची लायकी कळते. कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटावर जात, चाचणीची तारीख, उगवणशक्ती आणि वैधता छापलेली असते. वैधता चाचणीपासून नऊ महिन्यांची. किटमधल्या पारदर्शक पुडीवर बहुतेक वेळा फक्त ‘भेंडी’ लिहिलेलं असतं. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाच-सहा दिवस ठेवा. सहापेक्षा कमी फुटल्या तर ती पुडी टाकून द्या. केंद्रातलं पाकीट एका घरासाठी मोठं असतं हे खरं. शेजारच्या दोन घरांत वाटून घ्या.

पाणी आणि ठिबक

एप्रिलमध्ये ४ बाय २ च्या बेडला रोज पाच ते सात लिटर पाणी लागतं; फेब्रुवारीत त्याच्या निम्मं पुरतं. कोकोपीटचा वरचा थर तासाभरात कोरडा दिसतो, खाली मात्र ओल असते. नुसतं बघून पाणी देणारे फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त पाणी देतात, रोपं बुडाशी कुजून कोलमडतात आणि दोष बियाण्यावर जातो. बोट दोन पेर आत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. याच्या उलट, चार दिवस गावाला गेलात आणि भराव पुरता सुकला, तर तो आकसून पिशवीच्या कडेने फट पडते. मग दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. अशा वेळी कडा बोटांनी दाबून फट बुजवा आणि थोडं थोडं करून तीनदा पाणी द्या.

बेडबरोबर विकल्या जाणाऱ्या ठिबक संचाबद्दल एक इशारा. बऱ्याच संचांत दाब-नियंत्रित ड्रिपर असतात. त्यांना चांगला दाब लागतो, आणि दहा मीटर उंचीचं पाणी तेव्हा कुठे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतं. गच्चीवरची टाकी बेडपेक्षा पाच-सहा फूट उंच असेल तर मिळणारा दाब जेमतेम ०.१५ ते ०.१८ किलो. या दाबावर ते ड्रिपर उघडतच नाहीत किंवा पहिलेच दोन टपकतात. साधे, दाब-नियंत्रण नसलेले ड्रिपर मागून घ्या. दोन नळ्यांवर प्रत्येकी तीन, तासाला दोन लिटरवाले, असे सहा लावले तर पूर्ण दाबावर अर्ध्या तासात सहा लिटर मिळतात. टाकीच्या दाबावर त्याहून बराच जास्त वेळ लागतो. किती लागतो ते एका ड्रिपरखाली वाटी ठेवून मोजा आणि टायमर त्याप्रमाणे लावा. जाळीचा फिल्टर टाकीच्या तोटीलाच बसवा, नाहीतर शेवाळाने महिनाभरात सगळे बंद पडतील.

उन्हाळ्यातली दुखणी

मार्चच्या मध्यापासून शेडनेट लागतं. पालेभाजीवर ५० टक्क्यांचं, भेंडी-मिरचीवर ३५ टक्क्यांचं किंवा फक्त दुपारपुरतं. किटमध्ये शेडनेटचा तुकडा आला तर तो जवळजवळ नेहमी ७५ टक्क्यांचा असतो, त्याखाली भेंडी नुसती उंच वाढते.

काकडी-दोडक्याचा मांडव बेडच्या पाईपला बांधू नका. वळवाच्या पावसाआधी येणारी वावटळ मांडवासकट बेड आडवा करते. मांडवाचे खांब कठड्याला वेगळे बांधा.

पेरल्यापासून रोपाला चार पानं येईपर्यंत कबुतरांपासून जपायला हवं; जुनी मच्छरदाणी पाईपवर ताणली की काम होतं. पुढे तुडतुडे, मावा, पांढरी माशी आणि मिरचीवर फुलकिडे. मिरचीची पानं वर मुरडून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली मुरडली तर कोळी (माइट). पानं मुरडली की सरसकट ‘बोकड्या’ म्हणून दोन्हींवर एकच औषध मारणं फुकट जातं. दर बेडला एक पिवळा चिकट सापळा, आणि आठवड्याला एकदा संध्याकाळी निंबोळी अर्क, पानांच्या खालच्या बाजूने. दुपारी फवारला तर पानं भाजतात. वांग्याचे शेंडे अचानक सुकून लवले तर शेंडा पोखरणारी अळी आत आहे. सुकलेला शेंडा दोन इंच खालून कापून गच्चीबाहेर न्या, बेडमध्ये टाकू नका.

इतर पर्याय

विटांचा वाफा टिकाऊ आणि देखणा, पण ४ बाय २ चा चार थरांचा घेर करायला साठच्या आसपास विटा लागतात, म्हणजे भरावाआधीच पावणेदोनशे किलो. जमिनीवर छान, गच्चीवर नको. भंगारवाल्याकडचं २०० लिटरचं निळं पिंप उभं चिरलं तर दोन मजबूत वाफे मिळतात आणि ते एचडीपीई पिशवीहून कितीतरी जास्त वर्षं जातात. फक्त त्यात पूर्वी काय होतं याची खात्री हवी. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी भाजीसाठी घेऊ नये. खाद्यतेल, फळांचा गर किंवा सरबताचं असेल तर बेशक घ्या. पालेभाजीपुरतं करायचं असेल तर भाजी बाजारातले प्लॅस्टिक क्रेट, आतून शेडनेटचं अस्तर लावून, सगळ्यांत स्वस्त. पत्र्याचे परदेशी धाटणीचे बेड गच्चीवर एप्रिलमध्ये तवा होतात.

पावसाळ्याआधी

मेच्या शेवटी, भेंडी संपत आली की बेडच्या चारही तळ-शिवणींवरून बोट फिरवा. एखादा टाका सैल लागला तर जाड मासेमारीच्या दोऱ्याने आणि गोणीच्या सुईने तेवढाच भाग दुहेरी शिवून घ्या. जूनमध्ये भराव भिजून जड झाला की तीच जागा फाटते आणि भरलेला बेड रिकामा केल्याशिवाय ती शिवता येत नाही. बाजूची भोकं मुळांनी बुजली असतील तर काडीने मोकळी करा. कोकणात आणि घाटमाथ्यावर आणखी चार भोकं तळापासून तीन इंचांवर पाडावीत, म्हणजे मुसळधार पावसात खालची भोकं गाळाने बंद झाली तरी पाणी वर चढून झाडं बुडणार नाहीत. बेड रिकामाच ठेवणार असाल तर भराव आत तसाच ठेवून त्यात ताग किंवा चवळी पेरा आणि फुलायच्या आत कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरा.